कान उघडे, तोंड बंद

शाळेत त्यांना सगळे पियानोबाई म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. शिकवायला त्यांच्याकडे एकही वर्ग नव्हता. सकाळच्या प्रार्थनेला पियानो, कवायतीला पियानो, कुणी पाहुणे आले की पियानो. एरवी सभागृहाच्या कोपऱ्यात झाकण लावून ठेवलेल्या त्या काळ्या धुडाशेजारी त्यांची एक खुर्ची होती, खुर्चीवर एक चपटी झालेली उशी होती, आणि बहुतेक शिक्षकांच्या लेखी बाई म्हणजे त्या उशीचाच एक भाग होत्या.

पण वर्षातले दीड-दोन महिने असे यायचे की अख्ख्या शाळेत त्यांच्याइतकं महत्त्वाचं माणूस दुसरं कुणी नसायचं. ते ढालीचे दिवस. नववी, दहावी, अकरावी आणि बारावी, प्रत्येक इयत्तेनं गाण्याबजावण्याचं एकेक नाटक बसवायचं आणि सगळ्यांनी एकाच दिवशी करून दाखवायचं. गोष्ट मुलांची, गाणी मुलांची, चालीही मुलांच्या. पडदे रंगवणार मुलं, कपडे शिवणार मुलं, भांडणार मुलं आणि भांडणं सोडवणार तीही मुलंच. शिक्षकांना तालमीत पाऊल टाकायला बंदी. मुख्याध्यापिकासुद्धा त्या दिवसांत सभागृहावरून जाताना मान खाली घालून जायच्या. जिंकणाऱ्या इयत्तेला एक लाकडी ढाल मिळे. जुन्या बाजारातसुद्धा कुणी हुंगली नसती अशी ती वस्तू, पण तिच्यापायी लहानपणापासूनच्या जिवलग मैत्रिणी बोलेनाशा झालेल्या बाईंनी पाहिल्या होत्या.

कारण सगळी गंमत गुपितात होती. कुणाची गोष्ट काय, कुणाच्या नाटकात भूत आहे आणि कुणाच्या नाटकात राजा, हे पडदा वर जाईपर्यंत दुसऱ्या इयत्तेला कळता कामा नये. तालमीच्या वेळी सभागृहाच्या काचांना आतून कागद चिकटवायचे. दारात पहारा. एका वर्षी तर दहावीच्या मुलांनी किल्लीच्या भोकात च्युइंगगम कोंबलं होतं, आणि नंतर सगळी तालीम आतच अडकली होती.

अडचण एकच होती. शाळेत पियानो एक आणि तो वाजवणारं माणूसही एक. मग फार पूर्वी कुणीतरी रीत घालून दिली होती. पहिल्या दिवशी चारही इयत्तांचे म्होरके सभागृहात जमत, पियानोबाई झाकणावर हात ठेवून उभ्या राहत आणि म्हणत, "कान उघडे, तोंड बंद." एवढीच शपथ. त्यानंतर चारही इयत्ता पाळीपाळीनं सभागृहात तालमीला येत, बाई चारही गुपितं ऐकायच्या आणि एकाचंही अवाक्षर दुसरीकडे काढायच्या नाहीत. कुणाला चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, काही सुचवायचं नाही. मुलांनी चाल गुणगुणायची, बाईंनी ती बोटांत घ्यायची, संपलं.

वीसेक वर्षं बाईंनी हे इमानेइतबारे पाळलं होतं. नववीतला विनोद आणि दहावीतला विनोद शब्दाला शब्द सारखा निघाला तेव्हाही त्यांनी ओठ शिवून घेतले होते. लोक त्यांचं नाव विसरले असतील, पण पियानोबाई फुटत नाहीत हे शाळेतल्या भिंतींनाही ठाऊक होतं. त्याचा त्यांना अभिमान होता. माणसाला कशाचा तरी असावाच लागतो.

मग त्यांची मुलगी नववीत आली, आणि अभिमानाला घरातच वाटेकरी निर्माण झाला.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी बसलीच नाही. नववीपासूनच ती आपल्या इयत्तेची म्होरकी. चाली तीच लावायची. पहिल्याच वर्षी तालमीच्या दारात तिनं आईला सांगून टाकलं, "इथं मी तुम्हाला बाई म्हणणार. नाहीतर सगळे म्हणतील, हिचं काय, घरीच शिकवणी आहे." बाईंना ते पटलं. इतकं पटलं की त्यांनी त्याच्यावर आणखी कडी केली. दुसऱ्या इयत्तेच्या मुलांनी विचारलं, "बाई, हे थोडं खालच्या पट्टीत घेऊ का?" तर त्या निदान मान हलवायच्या. भिंगरीनं विचारलं की दगडासारख्या बसायच्या.

घरीही त्या दिवसांत गाणं बंद. रेडिओवर कापड टाकलेलं. भिंगरीचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, आणि दिवसभर घासून घासून त्यांच्या जिभेलाही धार आली होती. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "घरात दोन बायका आणि दोन महिने दोघींची तोंडं बंद. शेजारी माझा हेवा करतात हो."

नववीत भिंगरीची इयत्ता हरली. दहावीत हरली. अकरावीत एका परीक्षकानं म्हणे चाली छान आहेत असं लिहिलं होतं, तरी हरलीच. आता बारावी, म्हणजे शेवटची खेप. पण भिंगरीला ढाल हवी होती असं मात्र म्हणता येणार नाही. तिला काय हवं होतं ते बाईंना चांगलं माहीत होतं. चार वर्षं ती चाल म्हणून झाली की अर्धा क्षण पियानोकडे बघायची. बाई त्या अर्ध्या क्षणात कायम पुढचं पान शोधत असायच्या.

बारावीचं नाटक लिफ्टमधलं होतं. एका मोठ्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडते आणि आत अडकलेली माणसं एकमेकांना खरंखोटं सांगत बसतात. अख्खं नाटक खडूनं आखलेल्या चौकोनात. शेवटी दार उघडतं तेव्हा एक गाणं होतं, आणि ते भिंगरीनं बरेच दिवस कुणालाच ऐकवलं नव्हतं. चाल लागत नाही म्हणायची.

एका दुपारी ती तालमीला आली ती जवळजवळ पळतच. "लागली!" म्हणाली. पियानोशी उभी राहिली, डोळे मिटले आणि चाल म्हणायला लागली.

पहिली ओळ संपायच्या आत बाईंनी ओळखलं. ही चाल त्यांनी वाजवली होती. त्याच आठवड्यात, याच पियानोवर, अकरावीच्या तालमीत.

अकरावीच्या चाली एक मुलगा लावायचा. डोळे अर्धे मिटून, बोटं मांडीवर नाचवत तो तासन्‌तास बसून राही, म्हणून सोळाव्या वर्षीच त्याचा बुवा झाला होता. बुवाच्या शेवटच्या गाण्याची चाल अशी होती की एकदा ऐकली की डोक्यातून हलायचं नाव घेत नव्हती. सूर वर जातो, पायरीवर थबकल्यासारखा थांबतो आणि उलट फिरतो. तीच पायरी, तोच थांबा, आता भिंगरीच्या तोंडी होता. पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा. पुढं मात्र वेगळं होतं. बुवाची चाल उलट फिरून जिथून निघाली तिथंच येऊन बसायची. भिंगरीची तिथून पुढं निघायची, आणि अशा ठिकाणी जाऊन उघडायची की अंगावर काटा यावा.

"बाई?" भिंगरी म्हणाली. "घेताय ना?"

बाईंनी वाजवलं. दुसरं काय करणार होत्या?

संध्याकाळी दुकान बंद करून नवरा घरी आला तेव्हा बाई नळ सोडून भांड्यांसमोर नुसत्याच उभ्या होत्या. भिंगरी अजून शाळेतच होती, लिफ्टचं दार रंगवत.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "आज मैफल नाही वाटतं?"

"कसली मैफल?"

"भांडी घासतानाची. रोज चालू असते ती."

बाईंनी नळ बंद केला. "मी गुणगुणते?"

"लग्न झाल्यापासून. नळ सुटला की तुझा गळा सुटतो." तो हसत होता. मग त्यानं बाईंचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं. "तुला माहीत नाही?"

"इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, माहीत आहे. आणि सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस. मला आवडायचं ते."

बाई स्टुलावर बसल्या. वीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं म्हणून मिरवलं आणि कुलूप रोज संध्याकाळी भांड्यांपाशी आपोआप उघडत होतं. नळाच्या आवाजाआडून बुवाची चाल पलीकडच्या खोलीत गेली होती. तिथं वहीवर डोकं टेकून बसलेल्या मुलीच्या कानात ती शिरली, आणि आत मुरून आपलीच म्हणून बाहेर आली. भिंगरीनं चोरी केली नव्हती. तिला ती चाल खरोखर सुचली होती.

आता काय करायचं? भिंगरीला सांगावं, तर अकरावीची चाल बारावीच्या म्होरकीला सांगितल्यासारखं झालं. बुवाला सांगावं, तर बारावीची चाल फुटली. गप्प बसावं, तर नाटकांचा क्रम नववीपासून वर जाणारा. अकरावी आधी, बारावी मागून. भरल्या सभागृहात बुवाची चाल ऐकून लोकांचे हात अजून टाळ्या वाजवत असतील, आणि तीच चाल पियानोबाईंच्या मुलीच्या तोंडून येईल. पुढं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुठल्याही बाजूला वळल्या तरी बाईंचं नाक भिंतीलाच लागत होतं.

त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "समजा," त्यांनी सुरुवात केली, "एखाद्या इयत्तेची..."

"समजाबिमजा काही नको!" मुख्याध्यापिकांनी दोन्ही हात वर केले. "ढालीच्या दिवसांत मी बहिरी. मुलांचं मुलं बघतील. तुम्ही इतकी वर्षं काही बोलला नाहीत, तेच किती छान आहे!" आणि त्यांनी बाईंना चहा पाजून परत पाठवलं.

शेवटी बाईंनी भलताच मार्ग धरला. बारावीच्या तालमीत शेवटचं गाणं संपलं तेव्हा पियानोवरचे हात न उचलताच त्या म्हणाल्या, "ही चाल बदलता येईल का?"

एवढ्या वर्षांत तालमीत पियानोबाईंचा आवाज कुणी ऐकला नव्हता. लिफ्टचा दरवाजा धरून उभ्या असलेल्या पोरानं तो खाली ठेवला.

भिंगरी पुढं आली. "का?"

"नीट बसत नाही."

"कुठं बसत नाही? दाखवा ना."

बाईंना काही दाखवता येईना. चाल उत्तम बसत होती, बसत नव्हत्या त्या स्वतः. "सुरुवात," त्या कशाबशा म्हणाल्या. "सुरुवात बदला. पुढचं राहू दे."

भिंगरीचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. "चार वर्षं मी वाट बघतेय," ती हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, "की तुम्ही एकदा काहीतरी बोलाल. आणि बोललात ते हे? हे मी आजवर केलेल्यातलं सगळ्यात चांगलं आहे. मला कळतं तेवढं." मग मोठ्यानं, "पुन्हा घ्या पहिल्यापासून. चाल हीच राहील."

त्या रात्री जेवताना बाबांनी दोनदा विनोद करून पाहिला आणि दोन्ही वेळा स्वतःच पाणी प्यायले.

आता कुणी म्हणेल, घरीच होती ना, सांगून टाकायचं. जवळ बसवून दोन वाक्यं बोलायची. बाईंनी स्वतःलाही हे शंभरदा विचारलं. शपथेचं कारण त्या पुढं करत, पण शपथ तर कधीच मोडली होती, आणि ती मोडली आहे हेच त्यांना उच्चारायचं नव्हतं. ज्या एका गोष्टीवर त्यांची मान ताठ होती ती खोटी आहे हे लेकीला सांगायची त्यांना भीती वाटत होती. सरळ भीती. रोज त्या ठरवत, आज सांगू. रोज भिंगरी पाठ फिरवून झोपे, आणि त्यांना हायसं वाटे, आणि हायसं वाटल्याची लाज वाटे. एक मात्र झालं. नळ सुटला की त्या दात घट्ट आवळून धरू लागल्या.

दिवस उजाडला. सभागृह गच्च भरलं. नववीनं राजा मारला, दहावीनं भूत नाचवलं. मग अकरावी आली.

रंगमंचाच्या मागं कपडे करायची खोली होती, आणि मधली भिंत नावापुरती होती. पुढच्या इयत्तेची मुलं तिथं तयार होत बसत. बाईंना वाजवताना तीच भिंत समोर दिसत होती. शेवटचं गाणं जवळ आलं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, चुकीचं वाजवावं. दोन बोटं इकडची तिकडं केली तर चाल ओळखूही येणार नाही. पण समोर बुवा उभा होता, डोळे अर्धे मिटून, या एका क्षणासाठी दोन महिने थांबलेला. बाईंनी वाजवलं ते चोख वाजवलं. सूर वर गेला, पायरीवर थांबला, उलट फिरला. लोक उभे राहिले.

पडदा पडला आणि सामान हलवायला थोडा वेळ मिळाला. भिंगरी बाजूच्या दारातून पियानोपाशी आली. अर्धा वेष झाला होता, अर्धा हातात होता. आतून तिच्या इयत्तेचा गलका ऐकू येत होता. "चोर! आपली चाल चोरली!" कुणीतरी ओरडत होतं, "पियानोबाईंनीच फोडली असणार!"

"आई," ती म्हणाली. शाळेत पहिल्यांदाच म्हणाली. "तू भांडी घासताना म्हणायचीस ना हे?"

बाईंनी मान हलवली.

"मला वाटलं, मला सुचली." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मी किती खूश झाले होते."

"सुरुवात तेवढी माझ्या तोंडून आली गं. पुढचं सगळं तुझं आहे. नुसतं पुढचंच म्हणा. ते दुसऱ्या कुणाचं नाही, तुझं..."

"आता सांगतेस? आता तू काहीही सांगशील." तिनं डोळे पुसले, तोंडावरचा रंग पसरला. "मला त्यातलं काहीच माझं वाटत नाही."

"मी वर जाते. लोकांना सांगते, चूक माझी आहे."

बाई उठल्याच होत्या. भिंगरीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "आणि मग? उद्या तुला काढून टाकतील. तुला दुसरं काय येतं, आई?" हे तिनं रागानं विचारलं की मायेनं, ते बाईंना त्यानंतरही कधी ठरवता आलं नाही. "कान उघडे, तोंड बंद. शपथ घेतली आहेस ना? आता माझ्यासाठी पाळ."

ती आत गेली. गलका थांबला. भिंतीतून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "बाईंनी काही केलेलं नाही. मी जिन्यात उभी राहून अकरावीची तालीम ऐकली होती. चाल मी उचलली."

लिफ्टचं नाटक झालं. शेवटी दार उघडलं तेव्हा मुलांनी गाणं म्हटलंच नाही. पायांनी ठेका धरला आणि शब्द नुसते बोलले. बाईंना वाजवायला काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. लोकांना वाटलं, नवीन काहीतरी प्रकार आहे. टाळ्या पडल्या, पण बेताच्या. ढाल अकरावीला मिळाली.

मुलांच्या पोटात गोष्ट किती दिवस राहणार? आठवडाभरात सगळ्या शाळेत झालं, बारावीच्या म्होरकीनं चाल चोरली. उरलेले महिने भिंगरी डबा एकटीच खायची. चार वर्षं जिच्या शब्दावर उड्या मारल्या तिला मैत्रिणी ओळख दाखवत नव्हत्या. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचे सर म्हणाले, "पियानोबाई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो. तुम्ही इतक्या सचोटीच्या, आणि पोरगी अशी." बाईंच्या हातात कप होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हं." त्या एका हुंकाराची चव पुढं कितीतरी दिवस त्यांच्या तोंडात राहिली. लेकीनं घातलेली शपथ होती ती. आधीच्या शपथेत निदान गुणगुणण्याएवढी फट होती, हिच्यात तीही नव्हती.

परीक्षा संपल्यावर भिंगरी दुसऱ्या गावी हिशेबतपासनीसाचं शिकायला गेली. संगीताचं नाव काढलं की म्हणायची, "मला कुठं काय सुचतं?" बाबा म्हणायचे, "आकडे छान असतात. ते कुणाच्या तोंडून कानात शिरत नाहीत." ते गमतीनं म्हणायला जायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. घरात भांडी मुकाट्यानं घासली जात.

पुन्हा ढालीचे दिवस आले. सभागृहात चार म्होरके जमले. बारावीचा म्होरक्या आता बुवा होता, उंच झालेला, मिशी फुटलेला. रीतीप्रमाणे काचांना कागद लावले होते. बाईंनी झाकणावर हात ठेवला.

"कान उघडे," त्या म्हणाल्या.

चौघं पुढच्या दोन शब्दांसाठी थांबले. बाईंना ते दोन शब्द माहीत होते, वीस वर्षं माहीत होते. नववीची म्होरकी, एवढीशी पोर, त्यांना आठवत नाही असं समजून हळूच म्हणाली, "तोंड बंद."

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीनं चाल चोरली नव्हती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नळ सांगितला, भांडी सांगितली, पलीकडची खोली सांगितली. आपण घाबरलो हेही सांगितलं, आणि जिन्याची गोष्ट पोरीनं आईला वाचवायला रचली हेही. बोलता बोलता त्या रडत होत्या आणि रडताना नाक पुसायला काही नव्हतं म्हणून पियानोवरचं कापडच घेतलं. मुलं बघत राहिली.

बुवाचा चेहरा आंबला होता. "म्हणजे माझी चाल तुमच्या घरातून फुटली."

"हो. पण पहिल्या दोनच ओळी. त्यांच्या पुढचं ऐक."

त्यांनी झाकण उघडलं आणि वाजवलं. त्या दिवशी मांडीवर पडून राहिलेले हात आता सगळं वाजवत होते. सूर वर गेला, पायरीवर थांबला, उलट फिरला आणि मग बुवाच्या चालीसारखा परत न येता पुढं निघाला, आणि तिथं जाऊन उघडला. बुवानं आपोआप डोळे अर्धे मिटले होते.

वाजवणं संपलं तरी तो तसाच उभा होता. "हे माझं नाही," तो म्हणाला. मग जरा चिडूनच तो पुढं बोलला, "मला सुचायला हवं होतं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलांची स्पर्धा होती, निकाल मुलांनीच लावायचा होता. "बाई," बुवा म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबा. आम्हाला बोलायचं आहे."

बाई व्हरांड्यात आल्या. मागं दार बंद झालं, कडी लागली. काचेवर कागद होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कागदाच्या या बाजूला उभ्या होत्या. आत काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. पुढं काय होणार तेही कळत नव्हतं. त्यांनी फोन काढून भिंगरीला लावला.

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलंस?"

"सगळं. चौघांना."

पलीकडं भिंगरीनं श्वास ओढून घेतला. "आई! तुझी नोकरी?"

"ते आत ठरवतायत. मला बाहेर काढलंय. बुवाला तुझी पुढची चाल वाजवून दाखवली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हे माझं नाही. आणि म्हणाला, मला सुचायला हवं होतं."

"असं म्हणाला? बुवा?"

"अगदी असंच. आणि चिडला होता."

भिंगरी हसली की रडली, ते फोनवर नीट कळलं नाही. "आई, म्हणून दाखव ना ती. पुढचं तेवढं. मी ते कुठंतरी टाकून दिलं होतं, आता सापडत नाहीये."

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. पलीकडच्या वर्गाचं दार उघडं होतं, भूगोलाचे सर फळ्याशी उभे राहून त्यांच्याकडेच बघत होते. बाईंनी घसा साफ केला, आणि आपण गातोय हे माहीत असताना, व्हरांड्यात सगळ्यांदेखत, त्या मोठ्यानं गायला लागल्या.